लहान बर्फाचं घर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चकती आहे. पोळपाटाएवढी गोल, कडेनं चोवीस भोकं पाडलेली. झाशीत दतिया गेटजवळच्या एका घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मी टांगलेली असते. माझ्या अंगावर सुरीचे ओरखडे आहेत. ते कसे पडले, तेच आज सांगायचं आहे. सांगताना मला अजूनही भीती वाटते. लाकडाला कसली भीती, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कुऱ्हाडीसमोर आडवं पडून पाहिलेलं नाही.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात झाला. डब्याच्या बाकासाठी आणलेल्या सागवानाचा मी उरलेला तुकडा. लिओंग मिस्त्रींनी मला उचललं नसतं, तर त्याच संध्याकाळी मी शेगडीत गेले असते. मिस्त्री मूळचे दक्षिण चीनमधले. लहानपणी वडिलांबरोबर कलकत्त्याला आले आणि तिथून सुतारकामासाठी झाशीला. कारखान्याजवळच्या नगरा वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे ओटा आणि ओट्याखाली भाजीचा वाफा. त्यांनी मला गोल तासलं, घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर चोवीस घरं आखली. प्रत्येक घरात दोन-दोन चिनी अक्षरं कोरली आणि कडेला एकेक भोक पाडलं. मग एक पितळी खिळा माझ्या हवाली केला. दर पंधरा दिवसांनी तो खिळा एक घर पुढे जायचा. असं वर्ष पुरं व्हायचं.

मित्रांनो, पंचांगातली तिथी चंद्राच्या मागे धावते. म्हणून दिवाळी कधी लवकर येते, कधी उशिरा. माझी घरं मात्र सूर्याला बांधलेली आहेत. आठ नोव्हेंबरच्या सुमारास खिळा ज्या घरात जातो, त्याचं नाव मिस्त्रींच्या भाषेत लाप-तुंग, म्हणजे हिवाळा उभा राहिला. बावीस नोव्हेंबरच्या पुढचं घर स्यू-स्यूत, म्हणजे लहान बर्फ. त्याच्या पुढचं मोठा बर्फ.

इंदू पहिल्यांदा नगऱ्याला आली, तेव्हा ही नावं ऐकून तिला हसू आवरेना. ती दतिया गेटजवळ राहायची. तिचे यजमान रमाकांत कारखान्याच्या कचेरीत कारकून होते. होणाऱ्या बाळासाठी पाळणा सांगायला दोघं आली होती.

"मिस्त्रीजी, झाँसी में बर्फ?" इंदू म्हणाली. "यहाँ तो बर्फ सिर्फ शादी में आती है, बोरे में लपेटकर!"

मिस्त्रीही हसले. "भाभीजी, हमारे गाँव में भी नहीं पड़ती थी. ये नाम ऊपर के ठंडे मुलुक वालों ने रखे. हमारे यहाँ इस घर में साग को नमक लगाते थे और मटर को पानी देते थे. बर्फ का नाम, काम हमारा."

मग त्यांनी लहान बर्फाच्या घराशेजारी पटाशीनं एक खाच पाडली आणि म्हणाले, "यहाँ पाला पड़ता है. पाले से पहले मटर पानी पी ले तो बच जाती है. सूखी मिट्टी में पाला पड़ा, तो मटर गई." पाला म्हणजे पहाटे पिकावर गोठून बसणारं दव.

इंदूच्या सासरची टहरौलीला दोन बिघे जमीन होती. हल्केभैया नावाचे शेतकरी ती निम्म्या वाट्यानं कसत आणि दर हिवाळ्यात तिथे वाटाणा असे. त्या दिवसापासून वाटाण्याच्या पाण्याची आठवण मिस्त्रीच करून देऊ लागले. माझा खिळा सरकवला की ते कचेरीच्या खिडकीत डोकावून रमाकांतांना सांगत, "बाबूजी, छोटी बर्फ आ गई." रमाकांत टहरौलीला कळवत. अशी दोन वर्षं सुखात गेली. पाळणा झाला. त्यात अंबिका नावाची, नाजूक छातीची मुलगी निजू लागली. पहिल्याच थंडीत ती बारा दिवस तापानं फणफणली होती. तेव्हापासून वारा थोडा गार लागला, तरी इंदू पाळण्यावर ओणवून तिचा श्वास ऐकत बसे.

आणि मग एकोणीसशे बासष्ट साल उजाडलं.

त्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झालं. मिस्त्रींच्या ओट्यावर चहाला येणारी माणसं एकेक करून यायची थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललंही नाही. फक्त ओटा रिकामा राहू लागला. मिस्त्रींना दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लागली आणि शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम झाला. ज्या सकाळी माझा खिळा 'हिवाळा उभा राहिला' या घरात गेला, त्याच संध्याकाळी त्यांनी मला पोत्यात गुंडाळलं, सायकलला बांधलं आणि इंदूच्या दारात आणलं. ते आत आले नाहीत.

"भाभीजी, मेरे घर में कब कौन आए, पता नहीं. ये मेरे बाप का हिसाब है, साल का. सँभालकर रखेंगी?"

"ठेवीन," इंदू मराठीतच म्हणाली. मिस्त्रींना ते समजलं. ते मान लववून भरकन निघून गेले.

इंदूच्या सासऱ्यांचं नाव जनार्दनपंत. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या सुभेदारांबरोबर हिशेबनीस म्हणून झाशीत आले होते. पंत कडक शिस्तीचे. पुण्याहून टपालानं येणारं पंचांग उघडल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. पोत्यातून माझी कड दिसली मात्र, त्यांचा आवाज चढला.

"हे काय घरात आणलंयस, इंदू? चिनी अक्षरं? बाहेर काय चाललंय, कान आहेत ना तुला?"

"मामंजी, नुसतं साल मोजायचं लाकूड आहे."

"ते आपल्याला ठाऊक. पोलिसाला कोण सांगणार? तू? उद्याच्या उद्या फोडून बंबात घाल."

"हो, मामंजी."

इंदूनं मला मागच्या अंगणात, बंबाशेजारच्या लाकडांच्या ढिगात सर्वांत खाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुऱ्हाड घेऊन आली. माझ्यातली शीर न् शीर ताठ झाली. पण तिनं माझ्या वरची बाभूळ ओढली, फोडली आणि बंबात घातली.

"घातलीस का?" पंतांनी आतून विचारलं.

"घालते, मामंजी."

पुढचे बारा दिवस मी या एका शब्दावर जगले. थंडी वाढत होती. पंतांची अंघोळ, रमाकांतांची अंघोळ, अंबिकेचं कढत पाणी. ढीग रोज बोटभर उतरत होता. माझ्या अंगावर आधी सात थर होते, मग चार, मग दोन. शेवटी एका सकाळी फटीतून थेट आकाश दिसलं. कुऱ्हाडीचा पहिला घाव ऐकू आला, की मी मोजू लागे, आज कुणाची पाळी. रमाकांत तर घरी नसतच. युद्धामुळे कारखान्यात जादा काम होतं आणि ते फक्त जेवायला आणि झोपायला येत.

तेवढ्यात हल्केभैयांचं कार्ड आलं. त्यांनी गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. पंतांनी ते अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं.

"अगहन बदी ग्यारस खों पानी की बारी है. हमें बुखार आ रओ, सो तुम जरूर आइयो. बारी चूकी तो फिर पूस में मिलहै."

तलावाचं पाणी पाळीपाळीनं शेतांना मिळायचं. पाळीच्या दिवशी शेतावर कुणी उभं नसेल, तर पाणी पुढच्या शेतात जायचं; एरवी हल्केभैयाच उभे राहत.

"अगहन म्हणजे मार्गशीर्ष," पंत म्हणाले. "मार्गशीर्ष वद्य एकादशी. अजून महिना आहे. निवांत जाऊ." आणि त्यांनी पंचांगात महिनाभर पुढच्या रकान्यात लाल पेन्सिलीनं खूण केली.

मित्रांनो, चूक इथेच झाली. आपल्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो. झाशीच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपण ज्याला कार्तिक वद्य म्हणतो, त्याच पंधरवड्याला हल्केभैया अगहन बदी म्हणतात. दीडशे वर्षं इथे राहिलेल्या घराला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दोन वर्षं पाण्याची आठवण मिस्त्री करून देत आले होते, आपल्या महिन्याचा त्यांच्या महिन्याशी मेळ घालायची गरजच पडली नव्हती. शिवाय घरभर भीती होती. भ्यालेला माणूस पंचांग रोज उघडतो खरा, पण त्यात काय लिहिलंय ते त्याला दिसतच नाही.

मला सगळं समजत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. ढिगाखाली पडल्या पडल्या मला वाटत होतं, कुणीतरी खिळ्याकडे बघा. एकदा तरी बघा.

त्याच दुपारी शेजारचे शिवाजीराव भिंतीवरून डोकावले. मनानं वाईट नव्हते, पण जिभेला लगाम नव्हता.

"वहिनी, बिटियाला अजून चिनी पाळण्यातच झोपवता का? नाही, सहज विचारलं! काल म्हणे नगऱ्यात एका घराची झडती झाली. आता तुमच्या इकडे आले, तर पाळणासुद्धा हात वर करील!"

ते स्वतःच खो खो हसले आणि आत गेले. इंदू हसली नाही. तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा पडला होता. तिनं दाराला कडी घातली. अंबिकेला कानटोपी घालून, छातीला ओव्याची पुरचुंडी बांधून उन्हात निजवलं. मग मला ढिगातून बाहेर ओढलं आणि भाजी चिरायची सुरी आणली.

ती रडत होती आणि खरवडत होती. "तुला जाळत नाही ग," ती पुटपुटत होती, "जाळत नाही. फक्त अक्षरं." सुरी पहिल्या घरात शिरली. मिस्त्रींनी एकेका अक्षराला अर्धा अर्धा दिवस दिला होता. इथे ती सुपारीच्या चुऱ्यासारखी तिच्या मांडीवर पडत होती. वसंताची घरं गेली. उन्हाळ्याची गेली. पावसाळ्याची, दवाची, मोठ्या बर्फाची, कडक थंडीची. उन्हात निजलेलं बाळ खोकलं, की सुरी थांबायची. श्वास पुन्हा सुरळीत झाला, की चालू व्हायची. बावीस घरं कोरी झाली. दोनच राहिली. एकात खिळा होता, आणि त्याच्या पुढच्या घराला खाच होती.

"इंदू!" आतून पंतांचा आवाज आला. "उद्या एकादशी. भगर निवडून ठेवलीस का?"

सुरी हवेतच राहिली.

इंदूनं खाचेवर बोट ठेवलं. मग खिळ्यावर. तिचे ओठ हलले. आठ नोव्हेंबर. आज एकवीस. उद्या लहान बर्फ. उद्या एकादशी. ती मला तशीच हातात घेऊन आत धावली. पोलीस नाही, पंत नाही, कसलंच भान तिला राहिलं नाही.

"मामंजी, हल्केभैयांची ग्यारस उद्या आहे!"

"हे लाकूड अजून..."

"लाकडाचं मागाहून बोला! ते अगहन बदी म्हणतात ते आपलं कार्तिक वद्य. पाणी उद्या आहे, मामंजी. उद्या. आणि उद्याच मिस्त्रींचा लहान बर्फ लागतो. ही खाच बघा, वाटाण्याच्या पाण्याची."

पंतांनी पंचांग उघडलं. लाल खुणेकडे पाहिलं. दोन पानं मागे गेले आणि खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "अंबिकेपुरत्या दशम्या कर प्रवासाला. पहिली बस सातला सुटते."

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की बसचा दिवाही दिसत नव्हता. इंदूनं अंबिकेला दोन दुपट्यांत गुंडाळलं होतं. मागे झडती झाली तर, म्हणून मलाही तिनं घरी ठेवलं नाही. थैलीत अंबिकेच्या दशम्या, त्याखाली बाळाची गोधडी, त्याखाली मी. बस अड्ड्यावर एक हवालदार येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सामान तपासत होते. आमच्या थैलीपाशी ते थांबले. त्यांचा गार हात गोधडीखालून आला आणि माझ्या कडेवर टेकला.

"ये क्या है, माताजी?"

इंदूनं मला अर्धं बाहेर काढलं. तिचा तळवा बरोबर त्या दोन घरांवर होता. उरलेली अक्षरं तिच्या घामानं ओली झाली.

"चकला," ती म्हणाली. "रोटी का."

"चकला? इसमें तो चारों तरफ छेद हैं."

अंबिका खोकली. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, हात काढा. तळवा उचलायचीच देर होती. मग मी जाणार, इंदू जाणार आणि नगऱ्यातला तो रिकामा ओटा कायमचा रिकामा होणार.

आणि जनार्दनपंत पुढे झाले. खोटं बोलायचं नाही म्हणून ज्यांनी जन्मभर कचेरीत शत्रू केले, ते जनार्दनपंत.

"छेद हैं, तभी तो!" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "आप हमारी बहू की रोटी देखिए, हवालदारजी. पूरे नक्शे में ऐसा देश नहीं मिलेगा. चार साल से मैं वही नक्शा खा रहा हूँ!"

मागे रांगेत हशा पिकला. हवालदारही हसले. "जाइए, पंडितजी. भगवान आपके दाँत सलामत रखे."

बस सुटल्यावर इंदूनं थैली मांडीवर ओढून घेतली. पंत खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर धुक्याशिवाय काहीही नव्हतं.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "माझ्या पोळ्या खरंच तशा असतात?"

"अंबिकेच्या अंगावरचं दुपटं नीट कर," ते म्हणाले. "वारा येतोय."

टहरौलीला पाणी दुपारी आलं. हल्केभैया घोंगडी पांघरून बांधावर येऊन बसले होते, तापानं डोळे लाल. पंतांनी धोतर खोचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा फावडं हातात धरलं. वाफे एकेक करून काळे, ओले होत गेले. सूर्य कलला तेव्हा शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं आणि हल्केभैया म्हणाले, "अब पर जान दो पालो. अब नईं डरात." म्हणजे पडू दे आता पाला, आता भीती नाही.

पाला पडला तो तीन आठवड्यांनी, एका पहाटे. मी पाहिला नाही, पण हल्केभैया सांगायला आले होते. ज्यांची पाळी चुकली, त्यांचा वाटाणा उकडल्यासारखा काळा पडला. आमचा कडेनं करपला आणि मधे हिरवा राहिला. त्यांनी शेंगांची एक टोपली आणली होती. पंतांनी तिच्यातल्या निम्म्या शेंगा पिशवीत भरल्या आणि भर दिवसा, नगऱ्याच्या मोठ्या रस्त्यानं चालत लिओंग मिस्त्रींच्या ओट्यावर जाऊन बसले. तासभर बसले. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे बसले.

थंडी संपता संपता मिस्त्री मला न्यायला आले. ते बहिणीकडे कलकत्त्याला कायमचे निघाले होते, परवानगीचा कागद मिळाला होता. इंदूनं मला त्यांच्या हातात दिलं आणि मान खाली घातली. त्यांनी एकेका कोऱ्या घरावरून अंगठा फिरवला. बावीस घरं. माझ्या अंगात पुन्हा ती सुरी फिरली. मग अंगठा अक्षरांवर पोचला.

"लाप-तुंग," ते म्हणाले. "स्यू-स्यूत."

"मी ठेवीन म्हणाले होते," इंदू म्हणाली. "मैं डर गई थी, मिस्त्रीजी."

"मैं भी," मिस्त्री म्हणाले. "मैं भी, भाभीजी. तभी तो आपको दी थी."

पंतांनी आपली दौत-टाक पुढे केली. म्हणाले, पुन्हा लिहून द्या, आम्ही कोरून घेऊ. मिस्त्रींनी मान हलवली आणि मला इंदूच्या हातात परत ठेवलं.

"आप लिखिए. बर्फ यहाँ पड़ती नहीं. जो यहाँ पड़ता है, वो लिखिए."

म्हणून मित्रांनो, माझ्या बावीस घरांत आज मराठी अक्षरं आहेत. काही इंदूच्या हातची, काही पंतांच्या. एका घरात 'धुकं' आहे, एकात 'मोहाची फुलं पडतात', एकात 'उन्हाळी लू, बाळाला बाहेर नेऊ नये'. आणि दोन घरांत अजून मिस्त्रींची अक्षरं आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही.

आता इंदू नाही. पंत तर केव्हाच गेले. पाळण्यातली अंबिका आजी झाली आहे, आणि गार वारा सुटला की अजून खोकते. हल्ली माझा खिळा वेळेवर सरकत नाही. कधी दोन-दोन महिने एकाच घरात अडकून असतो. गेल्या आठवड्यात घर आवरायला आलेल्या कुणीतरी मला उलटं-सुलटं करून विचारलं, "हे काय आहे? टाकायचं का?" आणि मला बंब आठवला. कुऱ्हाड आठवली. ढिगाच्या फटीतून दिसलेलं आकाश आठवलं.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काही असेल, मित्रांनो. कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिलेलं, तुम्हाला न वाचता येणारं. भीती वाटली, तर वाटू द्या. इंदूलाही वाटली होती. फक्त सुरी हातात घेण्याआधी एवढं विचारा, की ह्याचा काय उपयोग होता आणि हे कुणाचं होतं. कुणाला ठाऊक नसेल, तर ठाऊक होईपर्यंत ढिगाच्या तळाशी तरी राहू द्या.

बाहेर हिवाळा उभा राहिला आहे. माझा खिळा अजून पावसाळ्यात आहे. कुणीतरी या आणि तो पुढे सरकवा. टहरौलीत वाटाणा फुलावर आला असेल.